लढ म्हणायचं कुणी?

डिसेंबर उजाडला की नाशिकच्या शाळा-कॉलेजांत वक्तृत्व स्पर्धांचे दिवस सुरू होतात. आधी स्नेहसंमेलनं, मग ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला जिजाऊ आणि विवेकानंद, पुढे एप्रिलमध्ये ११ तारखेला जोतीराव आणि १४ तारखेला बाबासाहेब. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, त्यामुळे या दिवसांत परीक्षक म्हणून कुठून ना कुठून बोलावणं येतंच. विषयपत्रिका दरवर्षी थोडी इकडची तिकडे होते, पण एक विषय हटत नाही. ‘परिस्थितीवर मात’, ‘शिक्षण हेच शस्त्र’, ‘संघर्षातून यशाकडे’ अशा कुठल्या ना कुठल्या नावानं तो येतो. मुलं जीव तोडून बोलतात. इस्त्रीचा गणवेश घालून, घशाला कोरड पडलेली असताना माइकसमोर उभं राहायचं आणि पाठ केलेलं एक वाक्यही न विसरता म्हणायचं, हे सोपं नाही. मला त्या मुलांचं मनापासून कौतुक वाटतं.

पण ही भाषणं ऐकताना एक गोष्ट खटकत राहते. त्यांत गरिबी येते, अर्धपोटी दिवस येतात, अनवाणी चाललेले कोस येतात, रस्त्यावरच्या दिव्याखालचा अभ्यास तर हमखास येतो. आणि शेवटी वक्ता वळतो तो समोर बसलेल्या मुलांकडेच. त्यांनी एवढं सोसलं, मग तुम्हाला काय झालं? ज्यांच्या नावानं ही भाषणं सुरू होतात त्या जोतीरावांचं, शाहू महाराजांचं, गोपाळ कृष्ण गोखल्यांचं स्वतःचं लिहिणं-बोलणं काढून वाचलं, तर तिथे तोंड दुसरीकडे असतं. ते गरिबांचे हाल सांगतात ते ज्यांच्या हातात पैसा आणि कायदा आहे त्यांना. सोसणाऱ्याला आणखी सोसायला सांगण्यासाठी त्यांनी हे लिहिलेलं नाही.

म्हणून कष्ट आणि शिक्षण यांबद्दलचा कुठलाही मजकूर हाती आला, मग ती गोष्ट असो, कविता असो की भाषण, मी आधी एवढंच पाहते, की हे कुणाला उद्देशून आहे, आणि ऐकणाऱ्यानं नेमकं काय करावं अशी अपेक्षा आहे. अलंकार, आवेश, दाखले हे सगळं त्यानंतर.

आमच्या गावच्या कवितेपासून सुरुवात करते. कुसुमाग्रजांची ‘कणा’ कधीच कानावरून न गेलेला मराठी माणूस विरळा. नाशिकमध्ये तर ती कविता राहत्या जागेची आहे. जुने नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. ‘गंगेवर जाऊन येतो’, ‘गंगेला पूर आलाय’. पाणी किती चढलं हे विचारलं की उत्तर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मिळतं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी शिरलेलं आम्ही पाहिलं आहे. त्यामुळे कवितेतली ‘गंगामाई’ आमच्या वर्गातल्या मुलांना प्रतीक म्हणून समजावून सांगावी लागत नाही. पाणी ओसरल्यावर घरात उरणारा गाळ किती जड असतो, फावड्याला कसा चिकटतो, हे काहींनी स्वतः अनुभवलेलं असतं.

या कवितेचे शेवटचे दोन शब्द आज महाराष्ट्रभर व्यासपीठांवरून ऐकू येतात. पाहुणे उभे राहतात, मुलांकडे पाहतात आणि म्हणतात, ‘लढ!’ टाळ्या पडतात. पण कविता नीट वाचली तर ‘लढ म्हणा’ हे वाक्य सरांच्या तोंडी नाही. ते पावसात भिजून आलेल्या, संसार वाहून गेलेल्या माजी विद्यार्थ्याच्या तोंडी आहे. मागणी त्याची आहे. तो सरांच्या दारात स्वतःहून आला आहे आणि काय हवं ते त्यानंच ठरवलं आहे.

माझ्या बारावीच्या वर्गातल्या एका मुलीनं याच्याही पुढचं दाखवलं. सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरची ती, नाशिकला वसतिगृहात राहून शिकणारी. वर्गात बोलायची कमी, वाचायची मात्र पेन्सिल हातात धरून. ती म्हणाली, ‘मॅडम, तो लढ म्हणा म्हणतो, पण त्याच्या आधीच ‘लढतो आहे’ म्हणून सांगितलंय ना त्यानं?’ खरंच सांगितलं आहे. कारभारणीला बरोबर घेऊन तो भिंत बांधतो आहे, चिखल काढतो आहे, आणि हे सगळं चालू असतानाच तो सरांकडे येतो. लढाई सुरूच आहे. सरांच्या शब्दानं ती सुरू होणार नाही की थांबणार नाही. त्याला हवी आहे ती सोबत, आणि ते तो एका शब्दात सांगतोही: एकटेपणा वाटला.

आणि आणखी एक ओळ, जी भाषणांतून नेहमी गळते. सरांचा हात खिशाकडे जातो. कवितेतला शिक्षक विद्यार्थ्याचे हाल ऐकून उपदेश करत नाही. तो पैसे काढायला निघतो. ते नकोत हे विद्यार्थी सांगतो, आणि ते सांगण्याचा अधिकार त्याचाच. खिशाकडे गेलेला हात वगळून जर आपण थेट ‘लढ’वर आलो, तर कविता उलटी होते. मग उरतो तो कोरडा हुकूम. कुसुमाग्रजांनी कण्याची कविता लिहिली खरी, पण तिच्यात शिक्षकाचा हातही तितकाच मोठा आहे, आधी खिशाकडे जाणारा आणि मग पाठीवर ठेवला जाणारा.

आता जोतीराव. ‘विद्येविना मति गेली, मतीविना नीति गेली, नीतिविना गति गेली, गतिविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले.’ स्पर्धेत हे वचन येतंच, आणि बहुतेक भाषणांत ते शेवटच्या मिनिटाला, आवाज चढवून येतं. म्हणणाऱ्याचा सूर असा असतो, की बघा, तुम्ही शिकला नाहीत म्हणून तुमची ही गत झाली.

पण हे वचन ‘शेतकऱ्याचा असूड’च्या अगदी सुरुवातीला आहे. १८८३ चं ते पुस्तक पुढे उघडून पाहिलं की जोतीराव एका अविद्येपाशी थांबलेले नाहीत हे पानोपानी दिसतं. सारा किती वाढला, जंगल खात्यानं गुरांची चराई कशी तोडली, कालव्याचं पाणी मिळण्यात काय अडचणी आहेत, सावकार आणि सरकारी अंमलदार शेतकऱ्याला कसे नाडतात, सगळं हिशेबानं मांडलं आहे. पडणाऱ्या पावसाचं पाणी शिवारात मुरावं म्हणून ताली-बंधारे बांधा आणि त्या कामी फौजेतली माणसं लावा, इतकं बारीक सुचवलं आहे. म्हणजे अविद्या हे अनर्थाचं मूळ म्हणून सांगायचं आणि लगोलग त्या अविद्येचा फायदा कुणी घेतला याची यादी द्यायची, अशी ती मांडणी आहे. पहिल्या सहा ओळी तोडून घेतल्या की दोष शेतकऱ्याच्या डोक्यावर येतो. पुस्तकात तो तिथे नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, १९ ऑक्टोबर १८८२ ला, जोतीरावांनी इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनला निवेदन दिलं. भाषणकलेच्या पुस्तकांत या निवेदनाला जागा नसते, पण माझ्या मते मराठी माणसानं शिक्षणाविषयी केलेलं सगळ्यांत पटणारं आर्जव तेच. युक्तिवाद साधा आहे. सरकारी तिजोरी भरते ती रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे न्यायाचं नाही. एवढं सांगून ते मागण्यांवर येतात. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले असावेत, नांगर धरायला किंवा सुताराचा वाकस हाती घ्यायला न लाजणारे. त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नको, मोठ्या गावांत पंधरा-वीस असावा. मुलांना मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीची आणि आरोग्याची तोंडओळख द्या.

त्या बारा रुपयांपाशी मी दर वेळी थांबते. शिक्षणाची महती गाणाऱ्या माणसानं मास्तरच्या पगाराचा आकडा लिहावा, यात त्याची कळकळ दिसते. ज्याला शाळा खरोखर चालायला हवी आहे तो मास्तर जेवणार काय याचाही विचार करतो.

जोतीरावांनी गोष्टही लिहिली होती, नाटकाच्या रूपात. १८५५ चं ‘तृतीय रत्न’. गरोदर कुणबी बाई, ग्रहदशेची भीती घालणारा जोशी, विधींच्या खर्चात कर्जात जाणारं घर. ग्रंथांना बक्षीस देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीनं हे नाटक नाकारलं. शेवटी नवरा-बायको ठरवतात की जोतीरावांच्या शाळेत जायचं, आणि ती शाळा रात्रीची आहे. दिवसभर शेतात राबणाऱ्यांना शिकायला वेळ कुठला, याचं उत्तर नाटककारानं नाटकाबाहेर आधीच उघडून ठेवलं होतं. प्रेक्षकाला ‘शिका’ म्हणून सांगायचं तर शाळा किती वाजता भरते हेही सांगायला हवं, ही जाण आजच्या किती भाषणांत असते?

त्याच वर्षी, जोतीरावांच्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळकरी वयातली ही मुलगी धर्माला थेट प्रश्न विचारते, की आम्हाला वेद वाचायचा अधिकार नाही तर आमचा धर्म कोणता? बाळंतिणीच्या डोक्यावर छप्परही नसतं, थंडी-पाऊस-वाऱ्यात तिचं काय होत असेल, याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा, असं ती वाचणाऱ्यांना बजावते. इथवर तिचं तोंड सुखवस्तू वाचकाकडे आहे. मग ती आपल्या माणसांकडे वळते आणि त्यांना ज्ञानाचं औषध घ्यायला सांगते. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. जे छप्पर हिरावून घेतात त्यांना आधी ती सुनावते आणि मगच आपल्या लोकांना ‘शिका’ म्हणते. शिवाय ती स्वतः त्याच घरातून आली आहे, त्यामुळे तिच्या ‘शिका’ला वरून दिलेल्या उपदेशाचा वास नाही.

गोखल्यांबद्दल थोडक्यात. प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्यासाठीचं त्यांचं विधेयक १६ मार्च १९११ ला मध्यवर्ती कायदेमंडळात आलं आणि १९ मार्च १९१२ ला ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. पडणार हे त्यांना बोलायला उभं राहतानाच ठाऊक होतं. आमच्या पिढीनं देशाची सेवा करायची ती अपयशांतूनच, अशा अर्थाचं त्यांचं त्या दिवशीचं बोलणं आहे. पुढे १ एप्रिल २०१० ला शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला तेव्हा त्या पडलेल्या विधेयकाला शंभर वर्षं होत आली होती.

शाहू महाराजांची गोष्ट वेगळी, कारण त्यांच्या हाती राज्य होतं आणि बोललेलं करून दाखवता येत होतं. १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लागला. दंडाची आठवण लोक चवीनं काढतात, पण त्याआधी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी राहत होती, हे विसरतात. १९२० मध्ये महाराज नाशिकला आले तेही उदोजी मराठा बोर्डिंगच्या इमारतीची पायाभरणी करायला. हे बोर्डिंग ज्या मराठा विद्या प्रसारक समाजाचं, त्याची स्थापना १९१४ ची. त्या पहिल्या पिढीनं खेड्यापाड्यांतून धान्य आणि पैसा गोळा करून पोरांच्या राहण्या-जेवणाची सोय केली. निफाड, चांदवड, सिन्नर, दिंडोरीकडची जुनी शिकलेली माणसं आजही ‘मी बोर्डिंगात होतो’ असं सांगतात ते अभिमानानं, आणि पुढचं वाक्य बहुतेक वेळा तिथल्या जेवणाविषयी असतं. शिक्षणाच्या इतिहासात भाकरीचा हिशेब मांडला गेला पाहिजे असं मला त्यांच्याकडून कळलं.

आता कथा-कादंबऱ्यांकडे येते, कारण भाषणाला जे जमत नाही ते तिथे होतं. भाषण श्रोत्याला कुठेतरी न्यायला निघालेलं असतं. त्याला वाटेत फार रेंगाळता येत नाही. शिकण्यासाठी माणसानं काय किंमत मोजली, हे पाहायला थांबायचं तर कादंबरीच हवी.

‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. फेब्रुवारी १९३३ मध्ये ९ तारखेला साने गुरुजींनी लिहायला घेतलं आणि १३ तारखेच्या पहाटे हातावेगळं केलं. बहुतेकांच्या मनात हे पुस्तक म्हणजे संस्कार, माया आणि रडू. स्पर्धांमध्ये त्यातून येतं ते पायांना घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या श्यामला आईनं मनाबद्दल सांगितलेलं वाक्य. सुंदरच आहे ते. पण पुस्तकाचा उत्तरार्ध कर्जाचा आहे. प्रकरणांची, म्हणजे गोष्टीच्या एकेका रात्रीची, नावंच बघा: ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’, ‘तेल आहे, तर मीठ नाही!’, ‘अब्रूचे धिंडवडे’. खोताच्या घराण्यातलं घर एकेक पायरी खाली येत जातं, सावकाराचा माणूस दारात बसतो, नको ते बोलतो, आणि आई ते ऐकते. ‘मोठा होण्यासाठी चोरी’ या रात्री तर वाचनाच्या ओढीनं श्याम पाहुण्याचे पैसे चोरतो. पुस्तकांची भूक आणि रिकामा खिसा एकाच मुलात असले की काय होतं, ते गुरुजींनी लपवलेलं नाही.

आणि शेवट. आई जाते तेव्हा श्याम तिच्याजवळ नाही. तो शिकायला दूर आहे. तो पोहोचतो तेव्हा सगळं आटोपलेलं असतं. मी वर्गात हा भाग शिकवते तेव्हा वसतिगृहात राहणारी मुलं वेगळी ऐकतात, हे मला समोरून दिसतं. त्यांच्यातल्या काहींच्या घरी आजारपण असतं, फोन लागत नसतो, परीक्षा तोंडावर असते. शिक्षणासाठी घर सोडावं लागणं ही किंमत कुठल्याही प्रेरणादायी भाषणात लिहिलेली नसते, कारण ती लिहिली तर भाषणाचा चढता सूर मोडतो. गुरुजींनी ती बेचाळीस रात्री सांगितली, आणि शिकू नका असंही कुठे म्हटलं नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) मला दुसऱ्या कारणासाठी जवळची. तिथला तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो तेव्हा शाळा जवळपास नावालाच असते. पोरं मेंढरांमागे रानात. या कादंबरीत शिक्षणाचं महत्त्व पटवणारं भाषण जवळजवळ नाही. मास्तर लोकांची पत्रं लिहितो, वाचून दाखवतो, कज्जे ऐकतो, कुणाचे जपून ठेवलेले जुने रुपये बदलून आणायला जातो. कारभाऱ्यासारखा म्हातारा त्याच्यावर विश्वास टाकतो, मग पोरं शाळेत येतात. गाव मिळून तालीम बांधतं. आणि शेकूचा बैल जातो तेव्हा त्याची बायको स्वतः जुवाला खांदा देते. माडगूळकर तिथे एक शब्द जास्तीचा लिहीत नाहीत. ‘केवढी ही जिद्द’ असं म्हणण्याची उबळ कुठल्याही लेखकाला आली असती. ती त्यांनी आवरली, म्हणून वाचणाऱ्याला ते दृश्य सोसवत नाही.

पुढे दुष्काळ येतो आणि वाडी उठते. मेंढरं घेऊन माणसं जगायला बाहेर पडतात. मास्तर चांगला होता, पोरं शिकत होती, गाव पाठीशी होतं, आणि तरीही पाऊस पडला नाही. ‘इच्छा असली की मार्ग सापडतो’ या वाक्याला ‘बनगरवाडी’ वाद घालून उत्तर देत नाही. ती नुसती ओस पडलेली वाडी दाखवते.

बाबूराव बागूल नाशिकजवळच्या विहितगावात १९३० मध्ये जन्मले. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा त्यांचा संग्रह १९६३ चा. त्याच नावाच्या कथेतला तरुण शिकलेला आहे, कविता करतो, परगावी नोकरीला गेला आहे, आणि जात कळल्यावर त्याच्या वाट्याला मार येतो. शिकलं की सगळं सुटतं असं मुलांना सांगणाऱ्यांनी ही कथा एकदा मन घट्ट करून वाचावी.

एवढं सगळं लिहिल्यावर माझ्याच म्हणण्याच्या आड येणारा एक दाखला समोर ठेवते, कारण तोही याच गावातला आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. माणसांनी मार खाल्ला, तुरुंग सोसला, वर्षामागून वर्षं गेली, दार उघडलं नाही. ३ मार्च १९३४ ला बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहिलं. सत्याग्रह आता थांबवावा आणि आपली सगळी शक्ती, सगळी साधनं राजकारण आणि शिक्षण यांवर लावावीत, असा त्याचा आशय. पुढच्या वर्षी १३ ऑक्टोबर १९३५ ला हिंदू धर्म सोडण्याची येवल्याची घोषणा झाली.

हे सांगणं सोसणाऱ्यांनाच उद्देशून आहे. मग ते मला का खटकत नाही? एक तर बाबासाहेब त्या लढ्यात स्वतः होते. दुसरं, ते आणखी सोसा म्हणत नाहीत. जिथे माणसांची ताकद वाया जाते आहे तिथून ती काढून घ्या, असं म्हणतात. आपल्या माणसांच्या श्रमाची इतकी काळजी असणारा नेताच हे लिहू शकतो. त्यामुळे ‘कुणाला उद्देशून’ एवढं विचारून भागत नाही. बोलणारा त्या पाण्यात उभा आहे का, आणि तो ऐकणाऱ्याचं ओझं वाढवतो आहे की उतरवतो आहे, हेही पाहावं लागतं.

सुरगाण्याच्या त्या मुलीकडे परत येते. ती या वर्षी स्पर्धेत उतरणार होती. तिनं मला दाखवलेलं भाषण एकेरी वहीच्या घडी घातलेल्या कागदावर होतं. आधीच्या शाळेतल्या सरांनी कधीतरी लिहून दिलेलं. समासात लाल पेनानं खुणा: ‘इथे थांब’, ‘आवाज वाढव’, ‘हात वर’. घडीच्या रेषेवर अक्षरं पुसली होती. ‘परिस्थिती कधीच आडवी येत नाही, आडवा येतो तो आळस’ हे त्यातलं वाक्य. ते म्हणणाऱ्या मुलीची धाकटी बहीण दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला शाळेतून उठते आणि आईवडिलांबरोबर दिंडोरीकडच्या द्राक्षबागांवर जाते. डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, मग काढणी. सुरगाणा-पेठकडची कितीतरी कुटुंबं त्या महिन्यांत तिकडेच बागेच्या कडेला राहतात. त्या बहिणीला आळशी कोण म्हणेल?

मी तिला भाषण बदल असं म्हटलं नाही. एवढंच विचारलं, की हे तू कुणाला सांगते आहेस? ती दोन दिवस आली नाही. मग नवीन कागद घेऊन आली. सुरुवात होती, ‘माननीय सरपंच, ग्रामसेवक आणि शिक्षण समितीचे सदस्य’. पाड्यापासून फाटा किती लांब, फाट्यावर सकाळची गाडी किती वाजता येते आणि शाळा किती वाजता भरते, दोन्ही वेळांत किती तफावत आहे. सातवीनंतर किती मुलींनी शाळा सोडली. बागांवर जाणाऱ्या मुलांना मागे ठेवायचं तर त्यांच्या जेवणाखाणाचं कोण बघणार. तिनं घरोघरी फोन करून आकडे जमवले होते, आणि ज्या दोन घरांतून उत्तर मिळालं नाही त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं होतं.

स्पर्धेत तिचा नंबर आला नाही. शेजारी बसलेल्या परीक्षकांचं म्हणणं होतं, की मुलगी चुणचुणीत आहे, पण हे भाषण झालं नाही, हा अर्ज झाला. ते अनुभवी गृहस्थ आहेत आणि वाईट हेतूनं बोलले नाहीत. वक्तृत्वात भावनेला हात घालावा लागतो, हे त्यांचं म्हणणं मला मान्यही आहे. मी त्यांना म्हटलं, जोतीरावांचं हंटर कमिशनपुढचं निवेदनही अर्जच होता, पगाराच्या आकड्यासकट. त्यांना ते पटलं नाही. आमचा वाद चहा होईपर्यंत चालला आणि पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत पुन्हा चालेल.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत ते भाषण वाचायचं तिनं ठरवलं. तिथे दोन-तीन मिनिटांहून जास्त कुणी बोलू देणार नव्हतं, म्हणून काय काढू हे विचारायला आली. मी काही सुचवायच्या आत तिनं शेर आणि सुविचार स्वतःच खोडले होते. गाडीची वेळ, फाट्याचं अंतर आणि शाळा सुटलेल्या मुलींचा आकडा ठेवला होता. ग्रामसभेहून तिनं फोन केला, की विषय इतिवृत्तात घेतला आहे आणि गाडीसाठी पत्र द्यायचं ठरलं आहे. गाडीची वेळ अजून बदललेली नाही. पुढची ग्रामसभा १ मे ला आहे, आणि या वेळी बागांवरून परतलेल्या बायका येतील म्हणून ती त्यांच्यासाठी वेगळा कागद लिहिते आहे.